मॅन्युअल माझ्या नावावर, माहिती दुसऱ्यांच्या डोक्यात. तुम्ही कशी काढता?

कागदवाली_भोसरी (मंगळवार, रात्री ९:५०)

मंडळी, नमस्कार. जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊनच बसा.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका पॅकिंग मशीनच्या कंपनीत डॉक्युमेंटेशन बघते. डिपार्टमेंट म्हणजे मी, एक टेबल आणि स्टोअरच्या दाराशी ठेवलेला प्रिंटर. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, सहा वर्षं सर्व्हिसचे फोन घेतले, आणि मग 'तुमचं इंग्रजी बरं आहे' एवढ्या भांडवलावर गेली चार वर्षं मॅन्युअल लिहितेय. फ्लोअरवर माझं नाव 'मॅन्युअलवाल्या मॅडम'. त्यात मान आहे की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही.

आमचं मशीन तुम्ही पाहिलं नसेल, पण त्यातून निघालेला पाउच नक्की फाडला असेल. वर फिल्मचा रोल, ती फिल्म कॉलरवरून वळून नळीसारखी खाली येते, मागे उभा सील बसतो, खाली गरम जॉ (चिमट्यासारख्या पट्ट्या) आडवा सील मारतात, मधल्या वेळात मसाला नाहीतर शेंगदाणे पडतात आणि सुरी चालते. सांगायला चार ओळी. मॅन्युअल मात्र १२० पानांचं, आणि त्या १२० पानांत माझ्या डोक्यातलं काय असतं म्हणाल तर अनुक्रमणिका. जॉचं तापमान किती ठेवायचं हे ट्रायल घेणाऱ्याला ठाऊक. सेफ्टी रिले का बदलला हे इलेक्ट्रिकलच्या मुलाला ठाऊक. बेअरिंगचा मेक परचेसने परस्पर बदललाय हे परचेसला ठाऊक, आणि ते त्यांना सांगण्यासारखंही वाटत नाही. कॉलर बदलताना कुठला बोल्ट आधी सैल करायचा हे फक्त असेंब्लीतल्या काकांना ठाऊक, आणि काका येत्या दिवाळीला रिटायर होतायत.

आता दुखणं सांगते. गेल्या वर्षी एक मशीन परदेशी गेलं. लहान मॉडेल, त्याच्या पडद्यावर अलार्मचा फक्त नंबर येतो, मजकूर मॅन्युअलमध्ये बघायचा. १४ नंबर लागला. मॅन्युअल म्हणालं, 'हवेचा दाब कमी'. तिथल्या टेक्निशियनने अर्धा दिवस कॉम्प्रेसर, हवा गाळणारं एफआरएल युनिट, पाइप सगळं उलथंपालथं केलं. हवा सहा बार, ठणठणीत! शेवटी निघालं काय, तर मागच्या गार्डचं दार नीट लागलेलं नव्हतं.

झालं होतं असं. एफएटीच्या (ग्राहक पाठवण्याआधी मशीन तपासून घेतो त्या चाचणीच्या) दिवशी ग्राहकाच्या माणसाने दोन अलार्म वाढवायला सांगितले. प्रोग्रॅम करणाऱ्या मुलाने ते यादीच्या मधेच घातले आणि खालचे सगळे दोन-दोन घरं सरकले. गार्डचा १२ होता तो १४ झाला, हवेचा १४ होता तो १६. मॅन्युअल आदल्या दिवशीच छापून क्रेटमध्ये गेलेलं. मला कोणी सांगितलं नाही, आणि सांगायला हवं होतं असं आजही कोणाला वाटत नाही. सर्व्हिस रिपोर्टवर कारणाच्या रकान्यात लिहिलंय: 'डॉक्युमेंटेशन मिस्टेक'.

आता पोलंडची ऑर्डर आहे. युरोपात मशीन विकायचं तर मॅन्युअल त्या देशाच्या भाषेत द्यावं लागतं, म्हणजे माझं इंग्रजी पक्कं झाल्यावर पोलिश अनुवादाला वेगळे दिवस लागणार. डिस्पॅच सहा आठवड्यांवर आलंय. 'मॅन्युअलसाठी इनपुट्स पाठवावेत' असा मेल मी तीनदा टाकला, सात जणांना, साहेबांना सीसी ठेवून. उत्तर एकच आलं: 'जुन्या मशीनचं घ्या आणि नाव बदला.'

माझा प्रश्न सरळ आहे. तुमच्याकडे लोक माहिती देतात का? देत असतील तर तुम्ही नेमकं काय करता? साहेबांकडे तक्रार करून झालीय. त्यानंतर आठवडाभर इलेक्ट्रिकलवाले माझ्याशी अगदी अदबीने बोलत होते, यावरून काय ते समजा.

---

सर्व्हिस_अण्णा (मंगळवार, रात्री ११:०५)

ताई, मी ३१ वर्षं सर्व्हिसला काढली, आता नाशिकला घरी असतो. दुसऱ्याच्या मॅन्युअलने माझ्या कितीतरी रात्री खाल्ल्यात, तेव्हा चार गोष्टी सांगायचा हक्क आहे असं समजतो.

पहिली गोष्ट, मेल बंद करा. फिटर मेल वाचत नाही. वाचला तरी लिहीत नाही, आणि लिहिलं तर चार शब्दांत: 'ओके आहे मॅडम'. तुम्ही असेंब्लीत जाऊन उभ्या राहा. प्रश्न घेऊन नका जाऊ, चुकीचं उत्तर घेऊन जा. 'काका, कॉलर काढताना आधी हा पुढचा बोल्ट सोडायचा ना?' असं म्हणून मुद्दाम भलत्याच बोल्टवर बोट ठेवा. काका हातातला पाना खाली ठेवतील. 'अहो मॅडम, तो सोडला तर सगळी सेटिंग गेली!' आणि मग पुढची वीस मिनिटं तुम्हाला नुसतं ऐकायचंय. कोऱ्या कागदावर लिहा म्हटलं की माणूस पळतो. दुसऱ्याची चूक समोर दिसली की त्याला राहवत नाही. हे मी नव्या पोरांवर आणि जुन्या मॅनेजरांवर, दोघांवरही वापरलंय.

दुसरी गोष्ट फोटोंची. मशीन पूर्ण झाल्यावर तुम्ही कॅमेरा घेऊन जात असाल तर उशीर झाला. तोवर गार्ड बसलेले, कव्हर लागलेलं, पॅनेलला कुलूप. आतल्या बेल्टचा फोटो हवा म्हणून परत उघडा म्हटलं की शिव्या खायची तयारी ठेवा. मशीन उघडं असतं तेव्हा रोज जेवणाच्या सुट्टीआधी दहा मिनिटं फेरी मारायची. काही विचारायचं नाही, नुसते फोटो काढायचे. आठवड्याभरात लोकच हाक मारतात, 'मॅडम, हे बघा, उद्या हे झाकलं जाणार.'

तिसरी गोष्ट, काकांच्या निरोप समारंभाची वाट बघू नका. उद्यापासून बसा त्यांच्याजवळ. त्यांच्या डोक्यात जे आहे ते ड्रॉइंगवर नाही. मी एका जागी पाहिलंय, फिल्म एका बाजूला पळायची आणि ड्रॉइंगप्रमाणे सगळं बरोबर होतं. जुना फिटर आला, त्याने रोलची फिल्म हाताने दोनेक फूट खाली ओढली, कॉलरकडे तिरकं बघितलं, एका बाजूला कागदाची घडी सरकवली आणि गेला. ती कागदाची घडी कोणत्याच मॅन्युअलमध्ये नव्हती. ती तुम्ही लिहायचीय. (कागदाच्या जागी शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, म्हणा, नाहीतर ऑडिटर जीव घेईल.)

---

पगारवाढ_कधी (बुधवार, सकाळी ८:१२)

'जुन्याचं घ्या आणि नाव बदला' हे आमच्याही कंपनीत गेटवर कोरायला हवं. आम्ही एकदा तेच केलं. मुखपृष्ठावर नवा ग्राहक, ४३ व्या पानावर जुन्या ग्राहकाचं नाव आणि त्याच्या पाउचचं माप. दोघं एकमेकांचे स्पर्धक. पुढचं विचारू नका.

---

डिझाइनवाला_चाकण (बुधवार, दुपारी १:४०)

मॅडम, मी पलीकडच्या बाजूचा माणूस आहे. मेलला उत्तर न देणारा तो मीच, असं समजा. आमची कंपनी वेगळी, पण मेल अगदी तोच.

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. 'मॅन्युअलसाठी इनपुट्स पाठवावेत' या वाक्यात प्रश्न कुठे आहे? मी काय पाठवायचं? मॉडेल पाठवू, कॅलक्युलेशन पाठवू, की माझा मूड कसा आहे ते कळवू? शिवाय मेल सात जणांना. सात जणांना विचारलं म्हणजे कोणालाच विचारलं नाही. प्रत्येकाला वाटतं बाकीचे सहा बघतील. आणि साहेबांना सीसी दिसला की मी आधी स्वतःला वाचवणारं उत्तर लिहितो, खरं उत्तर नंतर. तुमच्या जागी मी असतो तर चहाच्या वेळी येऊन एकच गोष्ट विचारली असती: 'सर, सुरी बदलताना जॉ किती थंड झाल्यावर हात घालायचा? मी ४० अंश लिहिलंय.' याचं उत्तर मी उभ्याउभ्या देईन.

रिव्ह्यूचंही तेच. शुक्रवारी संध्याकाळी १२० पानांची पीडीएफ आणि खाली 'कृपया तपासून कळवा'. मी पहिली पाच पानं बघतो, त्यात स्वल्पविराम सुधारतो आणि 'ओके' लिहून परत पाठवतो. खरी चूक ८८ व्या पानावर बसलेली असते. माझी म्हणून जी सहा पानं आहेत तेवढीच द्या, आणि जिथे तुम्हाला शंका आहे तिथे पिवळं करा. मी भांडत भांडत वाचेन, पण वाचेन.

आता एक आतली गोष्ट. आम्ही लिहून देत नाही ते दर वेळी आळसाने नाही. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं. लिहून दिलेलं उद्या वॉरंटीच्या भांडणात समोर येतं. 'जॉचा टेफ्लॉन किती दिवसांनी बदलायचा?' याचं प्रामाणिक उत्तर 'फिल्मवर, तापमानावर आणि ऑपरेटर तो ब्लेडने खरवडतो का यावर' असं आहे. तुम्हाला मात्र रकान्यात आकडा हवा असतो. तो आकडा माझ्या सहीने गेला आणि टेफ्लॉन त्याआधी फाटला, तर मी अडकलो. हे तुम्ही ओळखलंत तर निम्मं काम झालं. आकडा मागू नका, 'रोज बघा, करपलेला किंवा सुरकुतलेला दिसला की बदला' असं काहीतरी आपण दोघं मिळून ठरवू.

शेवटचं, हे तुम्ही माझ्याकडून हक्काने मागू शकता: रिस्क असेसमेंटची शीट, म्हणजे मशीनमधल्या धोक्यांची यादी. आयएसओ १२१०० या मशीनच्या सुरक्षेच्या स्टँडर्डमध्ये क्रम ठरलेला आहे. आधी धोका डिझाइनमधूनच घालवायचा, ते जमलं नाही तर गार्ड-इंटरलॉक (गार्ड उघडला की मशीन थांबवणारे स्विच) लावायचे, आणि तरीही जो उरेल त्याची माहिती वापरणाऱ्याला द्यायची. ही तिसरी पायरी म्हणजे तुमचं मॅन्युअल. 'उरलेले धोके' हा भाग त्या शीटवरूनच लिहायचा असतो. शीट नाही म्हणाले तर मॅन्युअल अडलं नाही, डिझाइनच अपुरं आहे, असं बिनधास्त सांगा. या वाक्याने साहेब सुद्धा खुर्चीत सरळ बसतात.

---

कागदवाली_भोसरी (बुधवार, रात्री १०:२०)

अण्णा, आज जेवणाच्या सुट्टीत काकांकडे गेले आणि मुद्दाम चुकीच्या बोल्टवर बोट ठेवलं. तुम्ही लिहिलंय तेच वाक्य आलं, फक्त 'मॅडम'च्या आधी एक शब्द जास्त होता, तो इथे लिहीत नाही. नऊ पानं भरली. हसू दाबायला किती त्रास झाला ते मलाच माहीत.

चाकणकर, तुम्ही लिहिलेलं झोंबलं. दोनदा वाचलं, मग जेवले, मग परत वाचलं. मेलबद्दल तुमचं खरं आहे. त्यात प्रश्न नव्हता. पण तुमच्या चहाच्या वेळी मी कुठून येणार? तुम्ही सगळे टपरीवर जाता. मी तिथे गेले की गप्पा थांबतात आणि कोणीतरी विचारतं, 'मॅडम, काही काम होतं का?' सहकार्य सहकार्य म्हणतात ते असं टपरीवर होतं, आणि तिथे मला जागा नाही. हेही लिहून ठेवायला हवं म्हणून लिहिलं.

रिस्क असेसमेंटचं ऐकून मात्र पोटात गोळा आला. आमच्या मॅन्युअलमधला 'उरलेले धोके' हा भाग मी चार वर्षांपूर्वी एका जुन्या फाइलमधून उचलला होता. त्यात 'कन्व्हेअरमध्ये हात सापडण्याचा धोका' असं आहे. या मॉडेलला कन्व्हेअरच नाही. चार वर्षांत कोणीही ते पकडलं नाही, म्हणजे कोणीही ते वाचलं नाही, यात मीही आले.

---

हिंजवडी_डॉक्स (गुरुवार, सकाळी ७:३०)

मी सॉफ्टवेअरमध्ये डॉक्स लिहितो, तेव्हा पाना वगैरे मला कळत नाही. पण तुमची अलार्मची गोष्ट वाचून राहवलं नाही, कारण आमच्याकडे एपीआयच्या एरर कोडचं अगदी हेच व्हायचं.

माझं मत वरच्या दोघांपेक्षा थोडं वेगळं आहे. लोकांच्या चांगुलपणावर उभं राहिलेलं डॉक्युमेंट टिकत नाही. तो मुलगा उद्या चांगलाच वागायला लागला, तरी एफएटीच्या दिवशी, ग्राहक डोक्यावर उभा असताना, त्याला तुमची आठवण येणार नाही. मलाही आली नसती. म्हणून जिथे जमेल तिथे त्याची आठवणच लागू नये अशी व्यवस्था करा.

बहुतेक एचएमआयच्या (म्हणजे मशीनच्या पडद्याच्या) सॉफ्टवेअरमधून अलार्मची यादी एक्सेलमध्ये काढता येते. त्या मुलाकडे अलार्मची माहिती मागू नका, ती एक्सपोर्ट केलेली फाइल मागा. त्याला एक मिनिट लागेल. तुमच्या मॅन्युअलमधला तक्ता हाताने टाइप करू नका, त्या फाइलवरूनच बनवा. आणि त्याच्याकडून एकच गोष्ट कबूल करून घ्या: नवा अलार्म आला तर यादीच्या शेवटी घालायचा, मधे नाही, बंद झालेल्या अलार्मचा नंबर परत वापरायचा नाही. यात त्याचाही फायदा आहे, जुन्या मशीनवर फोनवरून सल्ला देताना त्याचाच गोंधळ होत असणार. आणि अलार्मचा तक्ता मॅन्युअलच्या पोटात शिवू नका, वेगळी पुरवणी करा. एफएटी संपल्यावर तेवढीच छापायची.

आमच्याकडे कोड आणि डॉक एकाच रिपॉझिटरीत असतात. फीचरच्या पुल रिक्वेस्टमध्ये (कोडचा बदल मंजुरीला पाठवतात त्यात) डॉकचा बदल नसेल तर ती मर्ज होत नाही, म्हणजे मूळ कोडमध्ये जातच नाही. सुरुवातीला सगळे चिडले. मग सवय झाली. प्रेम वाढलं असं काही मी म्हणणार नाही.

तुमच्याकडे ड्रॉइंग बदललं की चेंज नोट निघत असेलच ना? त्या फॉर्मवर 'मॅन्युअलवर परिणाम: हो / नाही' असा एक चौकोन घालून घ्या. एवढं एक काम साहेबांकडून करून घ्या, बाकी तक्रारी राहू द्यात.

---

डिझाइनवाला_चाकण (गुरुवार, सकाळी ११:१५)

चौकोनाला माझा पाठिंबा आहे, पण खरं सांगतो, आम्ही सगळे न वाचता 'नाही' वर टिक मारू. त्यापेक्षा चेंज नोटच्या वाटपाच्या यादीत मॅडमचं नाव घाला. टिक कोणती मारायची ते त्या ठरवतील.

टपरीचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडेही एक मॅडम आहेत. त्या टपरीवर येत नाहीत आणि आम्ही त्यांना कधी बोलावलेलं नाही. हे मला आज सुचलं.

---

भाषांतर_श्टुटगार्ट (गुरुवार, रात्री १२:४५)

माझं मूळ गाव सांगली, आता जर्मनीत तांत्रिक अनुवाद करते, इंग्रजीतून जर्मन. भारतातून येणारी मॅन्युअल्स बऱ्याचदा माझ्याकडे येतात, म्हणून या साखळीच्या शेवटच्या टोकावरून दोन शब्द.

सहकाऱ्यांनी माहिती दिली तरी एक घोळ उरतो, तो नावांचा. गेल्या महिन्यातल्या एका फाइलमध्ये २१ व्या पानावर 'सीलिंग जॉ', ३४ वर 'सीलिंग बार', स्पेअर पार्टच्या यादीत 'सीलर असेंब्ली'. मी विचारलं, या तीन वस्तू आहेत की एक? चार दिवसांनी उत्तर आलं: एकच. मी विचारलं नसतं तर जर्मन ऑपरेटरने तीन वेगवेगळ्या गोष्टी शोधल्या असत्या आणि ऑर्डर देताना चौथीच मागवली असती. लिहिणाऱ्या बाईंची चूक नव्हती. डिझाइनचं नाव वेगळं, स्टोअरचं वेगळं, फ्लोअरचं वेगळं, आणि तिघांनी कधी एकत्र बसून बारसंच केलं नव्हतं. ताई, तुमच्याकडेही असं असणार. तिघांना अर्धा तास एका टेबलाशी बसवा आणि महत्त्वाच्या पन्नासेक भागांची नावं ठरवून टाका. तेवढ्याने अनुवादकाचे प्रश्न कितीतरी कमी होतात, आणि प्रश्न कमी म्हणजे दिवस कमी.

वाक्यांबद्दल: विमान उद्योगाच्या सोप्या इंग्रजीचा जो नियमसंच आहे, एएसडी-एसटीई१००, त्यात कृती सांगणारं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं आणि एका वाक्यात एकच कृती असं सांगितलंय. तुमच्या मशीनला तो बंधनकारक नाही, पण पाळलात तर तुमचा पोलिश अनुवादक तुमच्या नावाने दिवा लावेल.

आणि पहिल्या पानावर 'मूळ सूचना' हे शब्द इंग्रजी प्रतीवर, 'मूळ सूचनांचा अनुवाद' हे पोलिश प्रतीवर विसरू नका. युरोपच्या २००६/४२/ईसी या मशिनरी डायरेक्टिव्हमध्ये ते स्पष्ट मागितलंय. २० जानेवारी २०२७ पासून त्याच्या जागी २०२३/१२३० हे नवं रेग्युलेशन लागू होतंय. त्यात सूचना डिजिटल स्वरूपात द्यायची मुभा आहे, पण खरेदीच्या वेळी ग्राहकाने मागितली तर छापील प्रत महिन्याच्या आत फुकट द्यावी लागेल. म्हणजे तुमचा स्टोअरच्या दारातला प्रिंटर अजून काही वर्षं तिथेच राहणार.

---

कागदवाली_भोसरी (पाच आठवड्यांनी, सोमवार, रात्री ९:१५)

मधे गायब झाले, माफ करा. काय झालं ते सांगते.

नावांची बैठक झाली. अर्धा तास म्हणून बोलावली होती, दोन तास चालली, आणि चार वर्षांत इतकी मजा मला या कंपनीत आली नव्हती. रोल ज्यावर बसतो त्याला ड्रॉइंगवर 'फिल्म अनवाइंड ब्रॅकेट' म्हणतात, स्टोअरमध्ये 'रोल स्टँड', आणि फ्लोअरवर नुसता 'घोडा'. डिझाइनचे सर वीस वर्षं इथे आहेत, त्यांना घोडा माहीत नव्हता! स्टोअरवाल्यांनी कबूल केलं की ब्रॅकेट आणि स्टँड वेगळे समजून त्यांनी दोन वेगवेगळे कोड उघडलेत आणि दोन्हीचा स्टॉक ठेवलाय. त्या क्षणी परचेसचे साहेब, जे 'मला यात कशाला बोलावलं' म्हणत आले होते, वही काढून लिहायला लागले. बासष्ट नावं ठरली. घोड्याचं मॅन्युअलमध्ये 'रोल स्टँड' झालं. काका म्हणाले, 'तुम्ही काय वाटेल ते लिहा, घोडा घोडाच राहणार.'

अलार्मची फाइल आता माझ्याकडे येते. पहिल्यांदा मागितली तेव्हा तो मुलगा म्हणाला, 'एवढंच होय? मला वाटलं तुम्ही लिहून मागताय.' चार वर्षं मी त्याला आळशी समजत होते आणि तो मला किचकट बाई समजत होता. परवा एफएटीला परत एक अलार्म वाढला. त्याने तो शेवटी घातला, ४१ नंबर, पण मला सांगायला विसरला. फाइल मागितली तेव्हाच कळलं. हिंजवडीकर, तुमचं बरोबर ठरलं, याचा मला फारसा आनंद नाही.

चेंज नोटच्या यादीत माझं नाव आलं. आता रोज चार-पाच नोटा येतात, त्यातल्या बहुतेक वॉशर आणि रंगाच्या. मागितलं ते मिळालं, आता वाचत बसलेय.

रिस्क असेसमेंटची शीट होती. खरंच होती, सर्व्हरवर, दीड वर्षापूर्वीच्या मॉडेलची. चाकणकर, तुमचं वाक्य मी जसंच्या तसं वापरलं. साहेब खुर्चीत सरळ बसले नाहीत, पण डिझाइनच्या सरांना बोलावून घेतलं. सर चिडले. माझ्यावर आठ दिवस चिडलेले होते आणि थोडे अजून आहेत. पण शीट नव्याने केली. करताना त्यांच्याच लक्षात आलं की मागचा गार्ड उघडल्यावर सुरी हवेच्या जोरावर एकदा खाली येऊ शकते, कारण सिलिंडरमधली हवा निघून जात नाही. गार्डच्या इंटरलॉकने आता हवाही सोडली जाते. म्हणजे माझ्या मॅन्युअलमधला एक इशारा कमी झाला आणि मशीनमध्ये एक डंप व्हॉल्व्ह वाढला. त्यासाठी परचेस माझ्याकडे ज्या नजरेने बघतंय, ती नजर वेगळीच.

टपरीवर अजून जात नाही. काकांनी मात्र असेंब्लीत एक स्टूल ठेवलंय, त्यावर कोणाला बसू देत नाहीत.

पोलिश अनुवाद सुरू आहे. एकच जागा रिकामी राहिलीय: आवाज. ऑपरेटरच्या जागी ध्वनिदाब ७० डेसिबल, म्हणजे डीबी(ए), च्या वर जात असेल तर आकडा द्यायचा, नसेल तर तसं लिहायचं. आमच्या मशीनला ठरलेली ऑपरेटरची जागा नाही, म्हणजे मशीनपासून १ मीटरवर, जमिनीपासून १.६ मीटर उंचीवर मोजायचं. जुन्या मॅन्युअलमध्ये '७० पेक्षा कमी' असं आहे. ते कोणी मोजलं होतं हे क्वालिटीला विचारलं. क्वालिटी म्हणाली डिझाइनने. डिझाइन म्हणालं क्वालिटीने. मीटर कंपनीत नाही. मोबाइलच्या अ‍ॅपवर मोजा असा सल्ला मिळाला, तो मी घेतला नाही. शनिवारी डिस्पॅच आहे. पिंपरी-चिंचवडच्या आसपास कॅलिब्रेशन केलेलं साउंड लेव्हल मीटर एका दिवसासाठी भाड्याने कुठे मिळेल? शेजारी प्रेस शॉप आहे, दिवसभर धडधड चालू असते, तेव्हा रात्री मोजावं लागेल असं दिसतंय.

---

सर्व्हिस_अण्णा (सोमवार, रात्री ९:४०)

रात्री कशाला ताई? गुरुवारी भोसरी बंद असते, शेजारचा प्रेसही बंद. मशीन चालवायला काकांना अर्धा दिवस बोलवा, ते नाही म्हणणार नाहीत. मीटरसाठी कॅलिब्रेशन लॅबना फोन करा, कोणीतरी मीटर आणि माणूस दोन्ही पाठवतं. फक्त सर्टिफिकेटची तारीख आधी बघून घ्या. आणि फिल्म लावून, माल घालून मोजा. रिकामं मशीन नेहमी गरीब असतं.

---

कागदवाली_भोसरी (सोमवार, रात्री ९:५२)

गुरुवार! माझ्या डोक्यातच आलं नाही. काकांना फोन केला. ते म्हणाले, 'येतो, पण घोडा म्हणायचं.'